हाडाच्या मॅडम

मॅडम गेल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी नारायणगावच्या चौकात फ्लेक्स लागला. ‘शांत, संयमी, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले.’ खाली शोकाकुल मंडळींचे फोटो, मॅडमच्या फोटोपेक्षा मोठे. मी गाडी थांबवून तो वाचला आणि तिथंच माझं डोकं फिरलं. ज्या बाईचा आवाज चढला की बाहेर बाकड्यावर रडणारी पोरं गप्प व्हायची, तिला शांत म्हणायचं? त्या फोटोतल्या दोघांना तर मॅडमनी केबिनमधून हाकलून दिलेलं मी स्वतः पाहिलंय. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, कबूल. पण म्हणून खोटं बोलायचं का? मॅडम तापट होत्या. भयंकर तापट होत्या. आणि त्या तशा होत्या म्हणूनच जुन्नर-आंबेगावातली कितीतरी माणसं आज सरळ पायांनी चालतात.

मी त्यांच्याकडे एक्स-रे काढायला होते. लोक एक्स-रेला ‘हाडाचा फोटो’ म्हणतात, त्यामुळे मी ‘फोटोवाली ताई’ आणि त्या ‘हाडाच्या मॅडम’. त्यांचं खरं नाव पाटीवर होतं, पण ते वाचून कुणी आत आलेलं मला आठवत नाही. बाईमाणूस हाडं बसवते याचंच लोकांना सुरुवातीला नवल. हाड बसवायला ताकद लागते, असा गावोगाव समज. एका पैलवानाचा निखळलेला खांदा मॅडमनी त्याच्याशी बोलता बोलता सावकाश जागेवर बसवला, तेव्हा तो उठून दरवाज्याकडे बघत विचारतो, “डॉक्टर कवा येनार?” मॅडम म्हणाल्या, “येऊन गेले. तू निघ आता.”

त्यांचा पहिला राग शब्दांवर. माणूस लंगडत आत आला की म्हणायचा, “मॅडम, शिरंवर शीर चढली.” झालं! “शीर काय आंब्याचं झाड बघून चढते का रे? कुठं चढली, दाखव मला.” कुणी म्हणे चमक भरली, कुणी म्हणे उसण, कुणी म्हणे गादी सरकली. मॅडम सगळ्यांना खुर्चीवर बसवून भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बोट करायला लावायच्या. घोट्याचं लिगामेंट ताणलंय, गुडघ्याची वाटी सरकलीय, खुब्याच्या हाडाची मान मोडलीय, असं एकेकाला त्याच्या दुखण्याचं नाव सांगायच्या आणि मग त्याच्याकडून वदवून घ्यायच्या. म्हाताऱ्या बायका लाजायच्या. लुगड्याचा पदर तोंडाला लावून नुसत्या हसायच्या. तेव्हा मॅडम म्हणायच्या, “नवऱ्याचं नाव घ्यायचंय का, लाजायला? हाडाचं घ्यायचंय. उखाणा नको, नुसतं नाव सांगा.”

आणि त्या म्हाताऱ्या सांगायच्या, हे विशेष. बेल्ह्याकडची एक आजी बाजारात गाठ पडली तर मला लांबून हाक मारून म्हणायची, “ये फोटोवाले, माझं कोलीज जुळलं गं!” मनगटाजवळच्या मोडीला कॉलीज म्हणतात. तिचा उच्चार कसाही असो, दुखणं तिला पक्कं माहीत होतं. सुनेनं बादली उचलायला लावली तर ती सुनेलाही तेच नाव सुनावायची आणि सून निमूट बादली उचलायची. नुसतं ‘हात दुखतोय’ म्हणाली असती तर सुनेनं ऐकलं असतं का? मॅडमना हे कळत होतं. दुखण्याला नाव नसलं की घरचे ते मोजतच नाहीत, असं त्या म्हणायच्या.

त्यातल्या त्यात ‘मुका मार’ या शब्दावर त्यांचा दात होता. मुका मार म्हणजे खरं तर कातडी न फुटता आतल्या मांसाला, स्नायूला बसलेला मार. तो असतोही, त्याला औषधही आहे. पण आमच्याकडे ते गोधडीसारखं पांघरूण आहे, काहीही खाली झाकावं. यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीच्या घाटात कुणी चाकाखाली आलं, मुका मार. यात्रेच्या दिवसांत ‘मोडलं’ म्हणायचं नाही, देवाच्या कामाला गालबोट लागतं. मग मोडलेल्या नळीला आंबेहळद आणि चुना-गुळाचा जाड लेप फासून माणसाला घरी पडवायचं. मला तो लेप धुऊनच फोटो काढावा लागे. खालचा पाय टम्म फुगलेला, माणूस ओठ चावून कण्हतोय, आणि सोबतची मंडळी सांगतायत, “काय न्हाई ताई, मुका मार हाय. खात्री करून घिऊ म्हनलं.” मला त्या मंडळींचा इतका संताप यायचा, की हातातला ओला कपडा त्यांच्या तोंडावर फेकावासा वाटायचा. मॅडमना कपडा लागत नसे, त्यांचं तोंड पुरायचं.

एकदा टोमॅटोच्या पिकअपवरून पडलेला एक माणूस आला. क्रेट रचता रचता मागं गेला आणि खाली पाठीवर आदळला होता. घरच्यांनी काय केलं, तर उसण भरली म्हणून गावातला पायाळू शोधला. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्यानं लाथ मारली की उसण जाते, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पायाळूनं मनोभावे लाथा घातल्या. फोटोत मणका चेपलेला दिसला. मॅडमनी फोटो पाहिला, हकीकत ऐकली, आणि शांतपणे म्हणाल्या, “त्या पायाळूला बोलवा.” तो बिचारा बाहेरच उभा होता, पेशंटला सोबत म्हणून आलेला. मॅडमनी त्याला आत घेतलं, पडद्यावर मणका दाखवला, नाव सांगितलं, आणि मग जे काही सुनावलं ते मी इथं लिहू शकत नाही. रागावल्या की मॅडमचं शिक्षण बाजूला व्हायचं आणि त्यांचं गाव निरगुडसर बाहेर यायचं. शेवटी एवढंच म्हणाल्या, “आता परत कुणाला लाथ घातली, तर तुझा पाय मी प्लास्टरात घालीन, मोडला नसला तरी.” तो पायाळू पुढं उसणीचा माणूस दारात आला की त्याला आपल्याच मोटरसायकलवर बसवून आमच्याकडे आणायचा.

निरगुडसरच्या बौद्ध वस्तीतल्या त्या. वडील एसटीत मेकॅनिक. पुण्यात शिकल्या, तिथंच चांगली नोकरी असताना इकडं परत आल्या. आल्या तेव्हा काही मंडळी पाटी वाचून आडनावाची चौकशी करत. माहेर कुठलं, वस्ती कुठली, पावणे कोण. मोडलेला हात गळ्यात बांधून माणूस ही चौकशी करतो, याची मला लाज वाटायची. मॅडम सगळी उत्तरं द्यायच्या, नीट, हसून. मग म्हणायच्या, “माझं आडनाव कळलं ना? आता तुमच्या हाडाचं नाव ऐका.” एकजण ते ऐकून उठून गेला होता. दुसरीकडे हाड वाकडं जुळवून घेऊन परत आला. मॅडमनी त्याला एका शब्दानंही टोचलं नाही. नीट ऑपरेशन करून त्याचा हात सरळ केला. मी असते तर टोचलं असतं, भरपूर टोचलं असतं.

राग एवढा, पण हात मऊ. हे मात्र सांगितलं पाहिजे. प्लास्टर घालताना त्या पेशंटच्या घरातलं एकेक विचारत बसायच्या. गाय व्याली का, पोरीची दहावी कशी गेली, कांदा चाळीत टाकला का. पट्टी ओली करून गुंडाळताना त्यांची बोटं जणू लोणी सारवायची. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. त्यांच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, आणि तो ठेचा इतका तिखट की मी एकदा म्हटलं, तुमचा राग यातूनच येतो. तर म्हणाल्या, “अगं, हाड थांबत नाही म्हणून रागावते. हाड जुळतंच. सरळ ठेवलं तर सरळ जुळतं, वाकडं ठेवलं तर वाकडं. त्याला वाट बघता येत नाही. आणि आपली माणसं म्हणतात, बघू पुढच्या आठवड्यात.”

आता म्हशींबद्दल सांगते. आमच्याकडे येणाऱ्या बायका कधी मार खाऊन येत नसत. त्या पडायच्या. गोठ्यात पाय घसरायचा, नाहीतर म्हैस ढकलायची. डोळ्याखाली काळंनिळं, म्हैस. फासळीला तडा, म्हैस. बोट मुरगळून निखळलं, म्हैस. आणि शेजारी नवरा नाहीतर सासू उभी, ती मान डोलावून सांगणार, “लई मारकी हाय ओ आमची म्हस.” मॅडम मला म्हणायच्या, “या दोन तालुक्यांतल्या म्हशी एवढ्या मारक्या, तर डेअरीला दूध घालतं कोण?” मी हसायचे. त्या हसायच्या नाहीत. त्या त्या बाईला आत एकटीला घ्यायच्या, खरं नाव सांगायच्या, पोलिसांना कळवायचं ते कळवायच्या. बहुतेक बायका पोलिसांसमोरही म्हशीलाच धरून ठेवायच्या.

आणि एक दिवस माझी अक्का आली.

अक्का माझी सख्खी मोठी बहीण. येडगावच्या धरणापलीकडं तिचं सासर. डावा हात ओढणीत बांधलेला, चेहरा पिठासारखा. सोबत दाजी. मला पाहून दाजींनीच सांगायला सुरुवात केली, “म्हशीनं ढाकाललं गं तुझ्या अक्काला. मुका मार असंल, पन म्हनलं घरचाच दवाखाना हाय, दाखवू.” त्यांची म्हैस दिवाळीआधीच बेल्ह्याच्या बाजारात विकली होती. टेम्पोत चढेना म्हणून अक्कानंच तिला चुचकारून चढवली, आणि संध्याकाळी मला फोन करून रडली होती. दाजी हे विसरले होते की मला माहीत नसेल असं समजले होते, कोण जाणे.

मी फोटो काढला. पडद्यावर मोड दिसली. अशी मोड मी याआधी बघितली होती आणि तिचं कारण मॅडमच्या तोंडून ऐकलं होतं.

मॅडमनी दाजींना बाहेर थांबायला सांगितलं. दाजी म्हणाले, “मी नवरा हाय तिचा.” मॅडम म्हणाल्या, “नवरा असा नाहीतर कलेक्टर असा. बाहेर.” दार लागलं. मग त्यांनी अक्काला पडद्याजवळ बसवलं आणि एकेक दाखवलं. “हे मनगट. माणूस पडतो तेव्हा हात टेकवतो, मग मोडतं ते इथं. तुझं मनगट चांगलं आहे. कोपरापासून खाली दोन नळ्या असतात. अंगठ्याकडची रेडिअस, करंगळीकडची अल्ना. तुझी अल्ना मधोमध मोडलीय, एकटीच. डोक्यावर काही येत असताना हात असा आडवा धरला, की मार इथं बसतो.” त्यांनी स्वतःचा हात आडवा धरून दाखवला. अक्का पडद्याकडेच बघत म्हणाली, “म्हशीनं ढाकाललं.”

मला वाटलं, आता मॅडमचा स्फोट होणार. तो झाला नाही. त्यांनी पट्ट्या भिजवल्या आणि प्लास्टर घालायला घेतलं. घालताना फक्त म्हणाल्या, “लोकांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. म्हैस सांग, पायरी सांग. पण रात्री उशीला डोकं टेकलं की स्वतःशी खरं नाव घेत जा. ते कुणी ऐकत नाही.” अक्का हुंदका देऊन रडली. मॅडमनी प्लास्टरचे पांढरे हात तसेच तिच्या केसांवर ठेवले.

पोलिसांना त्यांनी कळवलं. हवालदार आले, अक्कानं म्हैस सांगितली, ते गेले. पण माहेरी यायला तेवढं निमित्त झालं. आणि माझ्या घरच्यांनी काय करावं? वडील गेल्यापासून आमच्या घरचं बरंवाईट चुलते बघतात, आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते आबा आणि माझी आई दोघं माझ्यावर तुटून पडले. “तुला काय गरज व्हती त्या बाईला दाखवायची? घरात मिटलं असतं!” लेकीचा हात मोडला तेव्हा आईच्या तोंडून ब्र निघाला नव्हता. पोलीस आले म्हणताच तिला कंठ फुटला. संसार, अब्रू, भावकी, सगळं आठवलं. मी त्या दिवशी आईला जे बोलले त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. माझ्या आईसारख्या किती आया आमच्या बाकड्यावर बसून गेल्या असतील. सगळ्यांच्या पोटात माया असते आणि सगळ्यांच्या तोंडी म्हैस असते.

अक्का प्लास्टर घेऊन माहेरी राहिली. मॅडम तिला तपासायला बोलवायच्या, आणि तिची वेळ मुद्दाम जेवणाच्या सुट्टीच्या आधीची ठेवायच्या. मग आम्ही तिघी जेवायचो. सासरचा विषय मॅडमनी कधी काढला नाही. प्लास्टर काढलं त्या दिवशी नवा फोटो दाखवून म्हणाल्या, “बघ, सरळ जुळलंय. आता मूठ आवळ, सोड. आवळ, सोड. या हातानं भाकरी थापशील, विळा धरशील, सगळं करशील.” अक्का मूठ आवळत, सोडत घरी आली. एसटीतसुद्धा तेच करत होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मॅडम गेल्या. सकाळी दवाखान्यात यायला निघाल्या, गाडीपाशीच छाती धरून खाली बसल्या, आणि संपलं. वय असं काहीच नव्हतं. निरगुडसरला अंत्ययात्रेला इतकी माणसं आली, त्यांत काठी घेतलेली, लंगडणारी, हात गळ्यात बांधलेली कितीतरी होती. मी कोपऱ्यात उभी राहून रडले ते दुःखानं कमी आणि रागानं जास्त. एवढ्या तापट बाईचं हृदय कुणाला दिसलं नाही, तिला स्वतःलाही नाही. दुसऱ्यांच्या फासळ्या मोजता मोजता तिनं आपल्या छातीकडे बघितलंच नाही, याचा राग मला अजून आहे. तो कुणावर काढायचा, ते कळत नाही.

आणि आमच्या पावण्यांना मात्र मुहूर्त सापडला. फ्लेक्स अजून चौकात होता, तोच दाजी त्यांच्या चुलत्यांना घेऊन आमच्या घरी बैठकीला आले. अक्काला न्यायला. आबांनी सतरंजी अंथरली होती. मी दाराशी उभी होते, आईनं आत गॅसवर आधण ठेवलं होतं. दाजींचे चुलते मोठ्या समंजस आवाजात बोलले, “झालं गेलं गंगंला मिळालं. तशी बारकीच गोष्ट व्हती, राव. मुका मार. घरोघरी मातीच्या चुली. त्या डॉक्टरनीनंच लई बाऊ केला. आता ती बी गेली, तवा इषय संपला.” आबा मान डोलवत होते. माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदराला हात पुसत सतरंजीच्या कडेला उभी राहिली.

“मुका मार न्हाई,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “ह्या हाडाला अल्ना म्हंत्यात. करंगळीकडची नळी. ती मदोमद मोडली व्हती. पडून ती तशी मोडत न्हाई. ह्यांनी खोऱ्याचा दांडा उगारला तवा मी हात आडवा धरला, म्हनून हाडावर निभावलं. न्हाईतर डोक्यात बसला असता.” तिनं डावा हात डोक्यावर आडवा धरला आणि तसाच धरून ठेवला. दाजी सतरंजीची दशी ओढत बसले.

चुलते म्हणाले, “आगं, ही नावं तुला त्या बाईनं पढवली. ती गेली आता.”

“मॅडम गेल्या,” अक्का म्हणाली. “मी हाय की अजून.”

मग तिनं हात खाली घेतला आणि आत वळून बघत म्हणाली, “आई, च्या ठिवू नको. पावणं निघालेत.”

आईनं आबांकडे बघितलं. मग अक्काच्या हाताकडे बघितलं, आणि गॅस बंद केला.